४के १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच अडलाय: केबल बदलू, पोर्ट बदलू की नाद सोडू?

अनुवादिनी

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "कार्ड कोणतं?" विचारण्यात जातील.

घर लालबागला. खोली एकच, वर पोटमाळा. कॉम्प्युटरचा डबा पोटमाळ्यावर असतो, कारण खाली ठेवला तर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. शिवाय पंख्यांची घरघर झोपणाऱ्यांना नको असते. मॉनिटर खाली टेबलावर. मधे पाच मीटरची एचडीएमआय केबल, भिंतीवरच्या केसिंग-पट्टीतून उतरवलेली. पूर्वी टीव्हीसाठी टाकली होती, तीच वापरतेय.

काम सबटायटल्सचं. दिवसभर मराठी-हिंदी ओळी, वेव्हफॉर्म आणि टाइमलाइन. नुकताच २७ इंची ४के मॉनिटर घेतला, १४४ हर्ट्झवाला, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. खोक्यावर एचडीएमआय २.१, डिस्प्लेपोर्ट १.४ आणि यूएसबी-सी. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. विंडोज ११.

आता गंमत बघा. ६० हर्ट्झला चित्र झकास. १४४ निवडलं की स्क्रीन काळी होते आणि मुकाट्याने परत ६० वर येते. १२० निवडलं तर चालतं, माउस लोण्यासारखा फिरतो, पण रंगीत अक्षरं बिघडतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर ठीक दिसतो. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीची ओळ लाल होते, ती मात्र पाण्यात भिजल्यासारखी दिसते. "र्या"चा रफार आणि "कें"चा अनुस्वार एकमेकांत मिसळतात. डोळे तपासून झाले, नंबर तोच आहे.

ज्या दुकानातून मॉनिटर घेतला तिथे विचारलं, तर "ड्रायव्हर अपडेट करा मॅडम". केला. काही फरक नाही.

फ्रेमचोर

ताई, डिस्प्लेपोर्ट वापरा, विषय संपला. पीसीला एचडीएमआय लावणारी माणसं मला कळत नाहीत.

लॅमिंग्टनकर

@फ्रेमचोर, पाच मीटर आहे रे बाबा. पाच मीटरची साधी डिस्प्लेपोर्ट केबल पूर्ण वेगाने चालणारी दाखव, मी वडापाव देतो.

अनुवादिनीताई, दोन गोष्टी सांगा. एक, केबलच्या अंगावर काय छापलंय? कनेक्टरजवळ नाही, मधल्या काळ्या आवरणावर, बारीक अक्षरात. दोन, सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. १२० वर असताना तिथे "कलर फॉरमॅट" काय दाखवतंय?

अनुवादिनी

केबलवर "हाय स्पीड एचडीएमआय केबल विथ इथरनेट" एवढंच वाचता येतंय, पुढचं पट्टीत गेलंय. कलर फॉरमॅट १२० ला "वायसीबीसीआर ४२०" आणि ६० ला "आरजीबी".

जुना_वायरमन

नमस्कार. आयुष्य टेलिफोनच्या तारांत गेलं, आता नातवाच्या कॉम्प्युटरच्या तारांत चाललंय.

तुमच्या उत्तरातच निदान आहे. ड्रायव्हरचा काही संबंध नाही. हिशोब मांडू या, कागद-पेन्सिल पुरे.

४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे आठ-आठ बिट, म्हणजे २४ बिट. एका चित्राचे झाले जवळजवळ २० कोटी बिट. सेकंदाला ६० चित्रं पाठवली तर १२ अब्ज बिट, म्हणजे १२ जीबीपीएस. १२० ला सुमारे २४. १४४ ला २८.७. यावर दोन ओळींच्या आणि दोन चित्रांच्या मधली मोकळी जागा धरावी लागते, ती थोडी वेगळी.

आता तारेची क्षमता. एचडीएमआय २.० हे २०१३ चं मानक, १८ जीबीपीएसचं. पण हे १८ पूर्ण आपल्या वाट्याला येत नाहीत. दर आठ बिटांमागे दहा पाठवावे लागतात, म्हणजे समोरच्या टोकाला शून्य आणि एक नीट ओळखता येतात. त्यामुळे चित्रासाठी उरतात १४.४. यात ४के ६० आरामात बसतं. ४के १२० पूर्ण रंगात बसतच नाही.

मग तुमच्याकडे १२० चाललं कसं? कार्डाने रंग कापला. तुम्हाला दिसलेलं ४२० म्हणजेच ४:२:०. त्यात उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी, पण रंगाची माहिती दोन बाय दोनच्या चौकोनाला मिळून एकच. त्यामुळे माहिती निम्मी होते आणि १८ च्या तारेत १२० मावतं. सिनेमा बघताना कळतही नाही, कारण सिनेमे बहुतेक याच पद्धतीने साठवलेले असतात. पण काळ्यावर लाल अक्षर आलं की अक्षराची कड ही रंगाचीच कड असते. तिथे चार ठिपक्यांत एक रंग वाटला की रफार आणि अनुस्वार एक होणारच. पांढऱ्या अक्षरात फरक फक्त उजेडाचा असतो, तो शाबूत राहतो. तुमचे डोळे उत्तम आहेत.

खारघर_हिल

काका, हे असं शाळेत शिकवलं असतं तर मी इंजिनिअरिंग पूर्ण केलं असतं.

लॅमिंग्टनकर

काकांनी हिशोब मांडलाच आहे, मी बाजारातलं सांगतो.

"हाय स्पीड" ही जुनी श्रेणी, टीव्हीवर ४के ३० चालवण्याच्या काळातली. तिच्यावर "प्रीमियम हाय स्पीड", ही १८ जीबीपीएससाठी तपासलेली. त्यावर "अल्ट्रा हाय स्पीड", ही ४८ साठी. तुमची केबल या तिघींतल्या खालच्या श्रेणीची असून १८ ओढतेय. तिला त्रास देण्यापेक्षा तिचा सत्कार करा.

आणि लक्षात ठेवा, केबलला आवृत्ती नसते. एचडीएमआयच्या नियमांप्रमाणे केबल "२.१ ची" म्हणून विकायचीच नसते, श्रेणीचं नाव लिहायचं असतं. ग्रँट रोड पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला फिरा, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग. दर दुसऱ्या दुकानात "२.१, ८के, गोल्ड प्लेटेड" लिहिलेली खोकी टांगलेली दिसतील. सोन्याचा मुलामा गंज येऊ देत नाही, आपल्या दमट हवेत तेवढा उपयोग आहे. वेगाशी त्याचं काही देणंघेणं नाही. खोक्यावर "अल्ट्रा हाय स्पीड"चं अधिकृत लेबल आणि क्यूआर कोड आहे का बघा, एचडीएमआयच्या केबल तपासणी अ‍ॅपने तिथेच उभं राहून स्कॅन करा. हेच शब्द केबलच्या आवरणावरही छापलेले हवेत. दुकानदार "अरे भाई, सब चलता है" म्हणेल. म्हणू दे. स्कॅन होत नसेल तर ती केबल टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला ठीक आहे.

फ्रेमचोर

मान्य, पाच मीटर माझ्या लक्षातून सुटलं. पण मुद्दा कायम आहे. ताई, डबा एक दिवस खाली आणा आणि मॉनिटरसोबत आलेली छोटी केबल लावून बघा. १४४ चाललं तर कार्ड आणि मॉनिटर दोघेही निर्दोष सुटतील.

आणि काका, माझा एक प्रश्न. डिस्प्लेपोर्ट १.४ म्हणजे ३२.४ जीबीपीएस, हातात येतात २५.९. तुमच्या हिशोबाने १४४ ला २८.७ लागतात. मग माझ्याकडे डिस्प्लेपोर्टवर ४के १४४ पूर्ण रंगात कसं चालतं?

जुना_वायरमन

डीएससी. डिस्प्ले स्ट्रीम कॉम्प्रेशन. २०१६ साली डिस्प्लेपोर्ट १.४ आलं, त्यात वेग १.३ एवढाच ठेवला आणि हे दाबायचं तंत्र घातलं. कार्ड चित्र दाबून पाठवतं, मॉनिटर उलगडतो. साधारण तीनास एकपर्यंत दाबता येतं. हे झिप फाइलसारखं तंतोतंत नाही, पण डोळ्याला फरक कळू नये अशा बेताने बनवलेलं आहे. ४:२:० आणि डीएससी यांची गल्लत करू नका. ४:२:० सरसकट रंग फेकून देतं. डीएससी ओळीतल्या शेजारच्या ठिपक्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि अंदाज जिथे चुकतो तिथे बिट खर्च करतं. अक्षरांच्या कडा त्यात टिकतात.

फ्रेमचोर

"डोळ्याला फरक कळू नये" हे कंपन्यांचं म्हणणं. मला तर...

अंधेरी_ग्रेडर

व्यवसायाने रंगाचं काम करते, म्हणून मधे पडते. डीएससी चालू-बंद करून शेजारी शेजारी मॉनिटर ठेवून बघितलंय. चालत्या कामात ओळखता आलं नाही. मुद्दाम बनवलेल्या गोंगाटी चित्रांवर, नाक काचेला लावून, एकच चित्र उघडझाप करत बघितलं तर काहींना जाणवतं. सबटायटल्ससाठी तर प्रश्नच नाही. ४:२:० मात्र कुणालाही दिसतं, आईलाही दिसलं.

डीएससीचे खरे त्रास वेगळेच आहेत. आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांवर डीएससी चालू असताना डीएलडीएसआर (गेम जास्त रिझोल्यूशनमध्ये काढून मग पडद्याएवढा करायची सोय) मिळत नाही. गेम पूर्ण पडद्यावरून खाली घेताना स्क्रीन काळी होऊन परत येते. हे त्रास गेमरांचे, ताईंचे नव्हेत.

फ्रेमचोर

ही काळी स्क्रीन मला रोज दिसते. कारण आज कळलं.

मॅकवाला_गोरेगाव

याच धाग्यात माझंही घोंगडं भिजत घालतो. ऑफिसचा मॅकबुक, यूएसबी-सी हब, हबमधून एचडीएमआय, समोर ४के मॉनिटर. हबवर ठळक "४के" लिहिलंय. पण मिळतात ३० हर्ट्झ. कर्सर शेपटी सोडत चालतो. हब दोषी की मॅक?

जुना_वायरमन

हबने खोटं लिहिलेलं नाही, अर्धं लिहिलंय. यूएसबी-सीमध्ये वेगवान जोड्या चार. हबला पेनड्राइव्ह, कार्ड रीडर वेगाने चालवायचे असतील तर दोन जोड्या त्यांना जातात, चित्राला दोन उरतात. हब जुन्या धाटणीचा, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाचा असेल, तर दोन जोड्यांत ८.६ जीबीपीएस उरतात. ४के ६० ला बारा-साडेबारा हवेत. म्हणून ३०. हब १.४ च्या वेगाचा असेल तर त्याच दोन जोड्यांत १२.९६ मिळतात आणि ४के ६० काठोकाठ बसतं. विकत घेताना "४के ६०" हे शब्द शोधा, नुसतं "४के" नाही.

लॅमिंग्टनकर

आणखी सोपं: हबच नको. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी थेट केबल घ्या, चारही जोड्या चित्राला मिळतील. फोनच्या चार्जरसोबत आलेली सी-टू-सी केबल लावून "चित्र येत नाही" म्हणू नका, तिच्यात बहुतेक वेळा यूएसबी २.० च्याच तारा असतात. चार्ज होईल, चित्र जन्मात येणार नाही.

मॅकवर एचडीएमआयचं भोक असेल तर सालही बघा. २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोला एचडीएमआय २.० होतं, २०२३ च्या मॉडेलपासून २.१ चा वेग मिळाला.

वर्सोवा_खारा_वारा

थोडं विषयांतर. समुद्रासमोर राहतो. इथे पोर्ट हिरवे पडतात. वापरात नसलेल्या एचडीएमआय आणि यूएसबी पोर्टना रबराची टोपणं लावा, स्वस्त मिळतात. एकदा चित्रात पांढरे ठिपके तडतडायला लागले होते, कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर थांबले. केबल बदलण्याआधी हेही करून बघा.

जुना_वायरमन

हे विषयांतर नाही. तडतडणारे पांढरे ठिपके आणि मधूनच दोन सेकंद काळा पडदा ही सिग्नल काठावर आल्याची लक्षणं. केबल तोकडी पडली, कनेक्टर मळला, किंवा केबल काटकोनात मोडली, तिन्हींत तेच दिसतं. रंग फिका वाटला, चित्र धूसर दिसलं, तर मात्र केबलला दोष देऊ नका. डिजिटल तारेतून फिकं चित्र येत नाही. येतं, तुटत येतं, नाहीतर येतच नाही. धूसर असेल तर सेटिंग बघायचं.

अनुवादिनी

काल डबा खाली उतरवला. दोन माणसं लागली, एकाने शिव्या दिल्या. छोट्या केबलने, एचडीएमआयवरच, १४४ आलं. फॉरमॅट आरजीबी. लाल ओळ धारदार. एक टिप्पणी: मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत "एचडीएमआय आवृत्ती" म्हणून एक कळ होती, ती २.० वर होती, २.१ केल्यावरच १४४ चा पर्याय पूर्ण रंगात आला. हे माहितीपत्रकात पान ३० च्या पुढे कुठेतरी दडवलंय.

म्हणजे केबल बदलायची. पण डबा वरच राहणार. तर पाच मीटरचं काय?

लॅमिंग्टनकर

ती कळ बऱ्याच मॉनिटरांत असते, डिस्प्लेपोर्टसाठीही १.२ की १.४ असं विचारतात. जुनी कार्डं बिचकू नयेत म्हणून कारखान्यातून कमी आवृत्तीवर ठेवून पाठवतात.

पूर्ण साखळी तपासायची सवय लावा: कार्डाचा पोर्ट, केबल, मॉनिटरचा पोर्ट, मॉनिटरचा मेन्यू, विंडोजचं सेटिंग. पंधरा डब्यांची लोकल बारा डब्यांच्या प्लॅटफॉर्मला लागली तर मागच्या तीन डब्यांतल्या लोकांनी दारात उभं राहून काय उपयोग? यातही सगळं सर्वात आखूड घटकावर ठरतं.

आता पाच मीटर. एचडीएमआय २.१ च्या पूर्ण वेगाला एकेका जोडीतून १२ जीबीपीएस जातात. तांब्याच्या साध्या केबलीत तीन मीटरपर्यंत निर्धास्त राहा, पुढे कठीण. तुमच्यासाठी ऑप्टिकल केबल, म्हणजे आत तांब्याऐवजी काचेचे तंतू आणि दोन्ही टोकांना छोटी इलेक्ट्रॉनिक्स. दहा-पंधरा मीटरही चालते. घेताना लेबल तेच, अल्ट्रा हाय स्पीड, स्कॅन करूनच.

जुना_वायरमन

"पुढे कठीण" का, तेही सांगतो. वारंवारता वाढली की विजेचा प्रवाह तारेच्या कातडीवरूनच वाहतो, आतला तांबा फुकट जातो, त्यामुळे रोध वाढतो. शिवाय भोवतीचं प्लास्टिक सिग्नल खातं. २.० मध्ये तीन जोड्यांतून चित्र जायचं, चौथी घड्याळाचा ठोका वाहायची. २.१ ने चौथीलाही कामाला जुंपलं आणि प्रत्येकीचा वेग दुप्पट केला. कनेक्टर तोच, १९ पिनांचा. बाहेरून सगळं सारखं दिसतं, गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

ऑप्टिकल केबलला दिशा असते. एका टोकाला "सोर्स", दुसऱ्याला "डिस्प्ले" लिहिलेलं असतं. सोर्स पोटमाळ्यावर, कार्डाकडे. पट्टीत बंद करण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. उलटी घातली तर पट्टी पुन्हा उघडावी लागेल. आणि कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, काच मोडते. कोपऱ्याला पट्टी तिरकी कापून गोलाई द्या.

लिनक्सपंथी

विंडोजवाल्यांचं छान चाललंय. आमच्यासाठी एक इशारा. एएमडीचं कार्ड आणि लिनक्स असेल तर एचडीएमआय २.१ च्या भरवशावर राहू नका. मुक्त स्रोत ड्रायव्हरमध्ये २.१ आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला. पोर्टात ताकद असूनही ड्रायव्हरने ती वापरायची नाही, असला प्रकार. डिस्प्लेपोर्ट हे वेसा या दुसऱ्या संस्थेचं मानक आहे, तिथे ही कटकट नाही.

ठाणे_स्लो

प्रश्न बारका आहे, हसू नका. बजेट कमी. २७ इंची १४४० पी मॉनिटर बघतोय, १८० हर्ट्झ. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय २.० आहे. चालेल?

फ्रेमचोर

चालेल, पण १४४ पर्यंत. २५६० गुणिले १४४० ला १४४ हर्ट्झवर १२.७, वरची मोकळी जागा धरून चौदाच्या आसपास. १४.४ मध्ये जेमतेम बसतं. १६५ लाच १४.६ होतात, तिथेच फाटलं. लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून चित्र निघतं का बघ, शेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असतं. निघत असेल तर सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणि पूर्ण १८०. (हिशोब काकांच्या पद्धतीने केला, चुकला असेल तर काका जबाबदार.)

जुना_वायरमन

बरोबर आहे. जबाबदारी घेतली.

अंधेरी_ग्रेडर

नव्या खरेदीवाल्यांसाठी एक सूचना. आता "एचडीएमआय २.१" या शब्दांवर पैसे मोजू नका. २.१ आल्यावर २.० वेगळं मानक म्हणून उरलंच नाही, ते २.१ च्या पोटात गेलं. ४८ चा वेग, १२० हर्ट्झ, व्हीआरआर (गेमच्या गतीप्रमाणे हर्ट्झ बदलणं) हे सगळं ऐच्छिक. त्यामुळे १८ चाच पोर्ट असूनही निर्मात्याला खोक्यावर २.१ लिहिता येतं आणि ते नियमात बसतं. शिवाय कित्येक मॉनिटरांचे खरे २.१ पोर्टही ४८ चे नसून २४ चे असतात आणि बाकी डीएससीवर ढकलतात. वेबसाइटवरच्या माहितीपत्रकात जीबीपीएसचा आकडा किंवा "एफआरएल" (२.१ ची वेगवान पाठवणी) शोधा. दोन्ही नसेल तर किमान रिझोल्यूशन-हर्ट्झ-बिट असा तक्ता प्रत्येक पोर्टसाठी वेगळा दिलाय का बघा. तोही नसेल तर मी तो मॉनिटर घेत नाही.

डिस्प्लेपोर्ट २.१ चं तेच. त्यात यूएचबीआर १०, १३.५ आणि २० असे तीन वेग, म्हणजे एकूण ४०, ५४ आणि ८० जीबीपीएस. तिघांच्या खोक्यावर "२.१" च. आरटीएक्स ५० मालिकेत २० आहे, रेडिऑन ७९०० मध्ये १३.५, आरटीएक्स ४० तर अजून १.४ वरच. ४के २४० हर्ट्झ, दहा बिट रंग, डीएससीशिवाय हवं असेल तर जवळजवळ ६० जीबीपीएस लागतात, म्हणजे फक्त २० वालाच. आणि डीपी८०, म्हणजे ८० च्या वेगाची, लिहिलेली साधी केबल मीटर-सव्वामीटरचीच मिळते. पोटमाळ्याला विसरा.

लॅमिंग्टनकर

डिस्प्लेपोर्टचं निघालंच आहे तर पिन २०. नियमानुसार केबलीत विसावी पिन जोडायची नसते, तिच्यात ३.३ व्होल्ट असतात. काही स्वस्त केबली जोडतात. मग मॉनिटरकडून वीज उलटी कार्डात शिरते. पीसी बंद केला तरी आतला दिवा मिणमिणतो, कधी मशीन चालूच होत नाही, आणि लोक पॉवर सप्लाय बदलत बसतात. असं काही दिसलं तर आधी डिस्प्लेपोर्टची केबल उपटून बघा. उपटताना वरचा खटका दाबा, नाहीतर कार्डाचा पोर्टच हातात येईल. पाहिलंय.

खारघर_हिल

मग एचडीएमआय २.२ साठी थांबावं का? ९६ जीबीपीएस म्हणतात.

अंधेरी_ग्रेडर

जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, केबलचं नाव "अल्ट्रा९६". त्याने १६के वगैरे होईल. आपलं कार्ड, मॉनिटर आणि केबल तिन्ही त्या वेगाचं हातात येईपर्यंत आजचा मॉनिटर वापरून जुना झालेला असेल. ४के १४४ ला ४८ पुरून उरतात. काम आज आहे ना? मग आज घ्या.

अनुवादिनी

शनिवारी ग्रँट रोडला जाऊन आले. पहिल्या दुकानात क्यूआर स्कॅन केला तर अ‍ॅपला ओळख पटेना. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी इन्कम टॅक्सवाली आहे. पुढच्या गल्लीत लेबल खरं निघालं, दहा मीटर नको होती म्हणून आठची ऑप्टिकल घेतली. जमिनीवर पसरून लावली, १४४, आरजीबी, आठ बिट. संध्याकाळभर स्क्रोल केलं, एकदाही काळं झालं नाही.

अडचण आता वेगळीच. जुनी केबल ओढून काढून त्याच पट्टीतून नवीन घालायची म्हणते, पण पोटमाळ्याच्या लाकडी फळीतल्या भोकातून कनेक्टरचं डोकं जात नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "डोकं कापून परत जोडतो, टीव्हीच्या वायरला करतो ना तसं."

जुना_वायरमन

त्याला शिडीवरून खाली उतरवा आणि चहा द्या. कापू देऊ नका! ऑप्टिकल केबल घरी जोडता येत नाही. फळीचं भोक मोठं करायला लावा. ड्रिलला लाकडाचा होल-सॉ लावला की काम होतं. डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून वर इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि मगच ओढा. ओढताना दोर केबलच्या अंगाला बांधा, कनेक्टरला नाही.

लॅमिंग्टनकर

आणि जास्तीची तीन मीटर पोटमाळ्यावर मोठं वेटोळं करून ठेवा, जेवणाच्या ताटाएवढं. रबरबँडने आवळू नका.

अनुवादिनी

भोक मोठं करायला घरमालकांची परवानगी मागितली आहे. पट्टीचा फोटो टाकते.